निर्मुखाची चाल

‘सप्तदुर्ग’च्या तिसऱ्या भागात समर खोसला नसणार, ही बातमी सानवीने आमच्या पॅकिंग शेडमध्ये आणली आणि त्या सकाळी आंबे निवडायचं काम जवळजवळ थांबलं.

सानवी माझ्या भावाची मुलगी. कॉलेजची परीक्षा देऊन ती नुकतीच मोकळी झाली होती. पेट्यांवर शिक्के मारायचं काम तिच्याकडे होतं आणि ते करता करता ती मोबाइलवर सिनेमाच्या बातम्या वाचायची. तिचं स्वतःचं एक चॅनेलही होतं. त्यावर ती सिनेमांविषयी बोलायची. बघणारे बहुतेक तिच्या वर्गातलेच होते. मी रत्नागिरीत ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. बारावीचे पेपर तपासून झाले की पूर्णगडच्या वाटेवर आमची कलमं आहेत तिथे येऊन राहते आणि हंगाम उरकेपर्यंत अपूर्वला, म्हणजे भावाला, मदत करते.

“खोसला नाही, मग कोण?” अपूर्वने विचारलं.

“जीवराज बेदी.”

“तो शाम्पूवाला?”

“बाबा, त्याने एकदाच शाम्पूची जाहिरात केली होती.”

“एकदाच केली, पण केस अजून तसेच उडतायत त्याचे.”

नितेश दाराशी टेम्पोची ताडपत्री सोडत होता, तो तसाच आत आला. नितेश जयगडचा. आमच्या पेट्या वाशीला न्यायचा आणि टेम्पो भरेपर्यंत शेडमध्ये बसून वाद घालायचा. “बेदी निर्मुख करणार?” तो म्हणाला. “मग मी तिसरा भाग बघत नाही. विषय संपला.”

“दुसऱ्या भागाच्या वेळी पण हेच बोलला होतास. मग पहिल्याच दिवशी कुठला शो बघून आलास?” सानवी म्हणाली.

‘सप्तदुर्ग’ न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. जगाच्या टोकाला सात किल्ले आहेत, प्रत्येकात एक निखारा जपून ठेवलेला आहे, आणि सातवा किल्ला राखणारा माणूस म्हणजे निर्मुख. त्याच्या तोंडावर गुळगुळीत लोखंडी मुखवटा आहे. त्याला डोळ्यांची भोकंसुद्धा नाहीत. तो बोलत नाही. पहिल्या भागात तो थोडाच वेळ दिसला, पण लोकांना राजापेक्षा आणि राजकन्येपेक्षा तोच आवडला, म्हणून दुसरा भाग जवळजवळ त्याचाच केला. त्या भागाच्या शेवटी मुखवटा निघतो आणि आत समर खोसला असतो.

“अडचण तीच आहे,” सानवी म्हणाली. “चेहरा दाखवून बसलेत. आता दुसरा माणूस कसा आणणार?”

“परत मुखवटा घालायचा,” अपूर्व म्हणाला. “लोखंडामागे कोण आहे ते बघायला कोण जातंय? खोसला असो, बेदी असो, नाहीतर आपला आंबे काढणारा बाबू असो.”

“तुम्हाला काही कळत नाही बाबा. निर्मुख चेहऱ्याने अभिनय करतच नाही, अंगाने करतो. खोसला त्यासाठी केरळात जाऊन युद्धकला शिकला होता. मुलाखतीत सांगितलंय त्याने.”

“चाल,” नितेश म्हणाला. “सगळं त्या चालीत आहे. भाला मारतो, मनगट फिरवतो आणि मग ते खाली जाणं. बेदीला सात जन्मात जमायचं नाही.”

“तुला जमेल?”

“मला उभं कोण करतंय? मी आपला टेम्पो बरा.”

काशीताई समोर बसून आंबे आकाराप्रमाणे वेगळे करत होत्या. त्या लांज्याकडच्या. बऱ्याच वर्षांपासून हंगामाला आमच्याकडे येतात. त्यांचा मुलगा संदेशही आधी आमच्याकडेच आंबे काढायला होता, मग मुंबईला गेला. कुठल्याशा गोदामात कामाला आहे असं त्या सांगायच्या. सिनेमाच्या या वादांत या वर्षी काशीताईही अधूनमधून बोलायला लागल्या होत्या, आणि त्याची आम्हाला गंमत वाटायची.

“मग तो मुखवटेवाला येनार का न्हाय?” त्यांनी विचारलं.

“येणार गो मावशी,” नितेश म्हणाला. “आतला माणूस तेवढा बदलणार.”

“आतला बदलनार,” काशीताई म्हणाल्या आणि हातातला मोठा आंबा लहानांच्या ढिगात ठेवला. मी तो उचलून बाजूला केला.

“आत्या, तू सांग,” सानवी माझ्याकडे वळली. “खोसलाशिवाय निर्मुख होऊ शकतो का?”

“मी दुसरा भाग पाहिलेला नाही.”

मग नितेशने शांतपणे एक रिकामी पेटी उलटी करून माझ्यासमोर ठेवली, सानवीने त्यावर मोबाइल उभा केला आणि मला तो प्रसंग दाखवला.

किल्ल्याच्या तटावर निर्मुख उभा होता. खालून माणसं चढून येत होती. त्याने भाला वर नेला, मनगटाला एक हिसका दिला, समोरचा माणूस कोसळला. इथपर्यंत नेहमीचंच होतं. त्यानंतर निर्मुखाने भाला सरळ मागे ओढला नाही. डावा गुडघा वाकवून तो भाल्याच्या खाली गेल्यासारखा झाला आणि एका हाताखाली दुसरा हात घेत, हळूहळू, त्याने भाला आपल्याकडे उतरवला. मग पुढचं पाऊल टाकलं. पुन्हा तेच.

“परत लाव,” मी म्हणाले. “सावकाश.”

सानवी खूश झाली. तिला वाटलं, मी त्यांच्यात आले.

“थांब. इथे. भाल्याच्या टोकाला आत्ता काही आहे का?”

“नाही. तो माणूस तर खाली पडला.”

“मग गुडघा का वाकला? काठी हलकी असेल तर माणूस ती झटकन मागे घेतो. याच्या भाल्याचं टोक मारून झाल्यावर जड होतंय. बघ, खांदा कसा खाली आला. टोकाला काहीतरी येऊन पडल्यासारखा वागतोय तो.”

“स्टाइल आहे ती, आत्या.”

“असेल. पण कुठून आली?”

अपूर्व म्हणाला की नटांना असलं काहीतरी शिकवतातच. नितेश म्हणाला की केरळात शिकवलं असेल. मी मोबाइल ठेवला आणि उठून बाहेर आले. कुठेतरी पाहिलेलं आहे असं वाटत होतं, पण आठवत नव्हतं. अशा वेळी मी थोडं चालते.

शेडच्या मागे कातळ सुरू होतो आणि त्याच्या कडेला जुनी कलमं आहेत. बाबू तिथे आंबे काढत होता. त्याच्या हातात झेला होता: लांब बांबू, टोकाला लोखंडी कडं, कड्याला जाळी आणि वर एक पातं. त्याने झेला पानांत घातला, पात्यात देठ धरला, मनगटाला हिसका दिला. आंबा जाळीत पडला. बांबूचं टोक एकदम जड झालं, तसा बाबूचा डावा गुडघा वाकला, आणि एका हाताखाली दुसरा हात घेत त्याने झेला खाली उतरवला. आंबा कशालाही आपटू नये म्हणून सगळेच असं करतात. लहानपणापासून मी हे दर उन्हाळ्यात पाहत आले आहे, आणि म्हणूनच कदाचित आठवत नव्हतं.

बाबूने अजून काही आंबे काढेपर्यंत मी पाहत राहिले. मग आत येऊन म्हणाले, “तो झेला आहे.”

“कोण?”

“निर्मुख. तो आंबे काढतोय.”

नितेश इतका हसला की त्याला पेट्यांच्या चळतीचा आधार घ्यावा लागला. अपूर्व मात्र कोपऱ्यातला झेला घेऊन मोबाइलसमोर उभा राहिला. एकदा त्याने स्वतःचं करून पाहिलं, एकदा निर्मुखाचं. दोन्हींत फरक नव्हता. नितेशचं हसू थांबलं.

“पण खोसला दिल्लीचा आहे,” सानवी हळू म्हणाली. “त्याने झेला कधी धरला?” पुढचं तिला बोलता बोलता सुचत गेलं. “म्हणजे तो खोसला नाहीच. मुखवटा असतो तेव्हा आत दुसराच कोणीतरी आहे. आपल्याकडचा. आत्या, हे कुणालाच माहीत नाही. कुणालाच.”

ती पळत बाहेर गेली, बाबूला एकाच फांदीवरचे आंबे पुन्हा पुन्हा काढायला लावून तिने चित्रण केलं आणि परत येऊन दोन्ही दृश्यं शेजारी शेजारी बसवायला लागली. डावीकडे निर्मुख, उजवीकडे बाबू. गुडघे एकाच वेळी वाकत होते.

“हे आज संध्याकाळी टाकलं ना, तर उद्या सगळे निर्मुखवाले माझ्या चॅनेलवर असतील,” ती म्हणाली.

“सानवी,” काशीताई म्हणाल्या. “नको गो टाकू.”

“बाबूदादाला विचारलंय मी. त्याला चालेल.”

“बाबूचा न्हाय.” काशीताईंनी हातातला पेंढा खाली ठेवला. “आतमधी संदेश हाय. माजा.”

नितेश पुन्हा हसणार होता, पण कोणीच हसत नाही हे त्याने पाहिलं.

मग काशीताईंनी सांगितलं. संदेश मुंबईला गेला तो सिनेमाचं सामान उचलायच्या कामावर. एकदा सेटवर उंच बांधलेल्या पताका अडकल्या होत्या, त्या त्याने बांबूने सोडवल्या. फाइट मास्टरने ते पाहिलं आणि त्याच्या हातात भाला दिला. दोन्ही भागांत मुखवट्यातली सगळी कामं त्याची. पण कोणाला सांगायचं नाही, असं त्याच्याकडून लिहून घेतलेलं होतं. बाहेर कळलं तर त्याच दिवशी काम गेलं, आणि पुढेही कोणी बोलावणार नाही. म्हणून गोदाम.

“तिसऱ्यात पन घेतील बोलत होता,” त्या म्हणाल्या. “अजून नक्की न्हाय.”

“पण हे बरोबर नाहीये,” सानवी म्हणाली. “मावशी, लोक रात्र रात्र वाद घालतायत निर्मुखावर. सगळं खोसलाच्या नावावर जातंय. नाव तर त्याचं व्हायला हवं ना?”

“होय गो बाय. पन आधी काम तर ऱ्हाऊ दे.”

सानवी बराच वेळ मोबाइलकडे बघत बसली. तिच्या हातात आलेलं ते पहिलंच मोठं काहीतरी होतं, आणि मीच ते आणून दिलं होतं. शेवटी तिने मोबाइल उलटा ठेवला आणि शिक्का उचलला.

काशीताईंनी त्याच दुपारी संदेशला फोन केला. दोन दिवसांनी तो स्वतःच आला, सकाळच्या एसटीने. सानवी ते चित्रण टाकणार नाही यावर त्याचा विश्वास बसला नसावा.

मुखवट्यामागे आम्ही जो माणूस कल्पिला होता त्यापेक्षा तो बराच लहान होता. बारीक, किंचित वाकलेले खांदे, केस तेलाने चप्प बसवलेले. नितेशने त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारली.

“तू? तू तटावरून उडी मारलीस?”

“खाली गाद्या असतात.”

“गाद्या आमच्या घरी पण असतात. म्हणून आम्ही नाही मारत उड्या.”

सानवीने खुर्ची त्याच्यासमोर ओढली. “मला एकच सांग. निर्मुख राजाचा भाऊ आहे का? कारण दुसऱ्या भागात राजा समोर येतो तेव्हा तू अर्धं पाऊल मागे घेतोस. माझं म्हणणं आहे, त्याला ओळख पटते.”

संदेशने आठवून पाहिलं. “तिथे फरशी ओली होती.”

“म्हणजे ओळख पटत नाही?”

“मला कथा सांगत नाहीत. इथून तिथे जायचं, एवढंच सांगतात. दुसरा भाग मी पूर्ण बघितलेला पण नाही.”

“अरे देवा,” सानवी म्हणाली. अपूर्व उठून बाहेर जाऊन हसून आला.

तरी दिवसभर संदेश त्यांच्यातच बसून राहिला. निर्मुख मुका का, त्याने मुखवटा स्वतः घातला की कोणी घातला, तो सातव्या किल्ल्यावरून खाली का उतरत नाही, यावर तिघं वाद घालत होते आणि तो आळीपाळीने त्यांच्या तोंडाकडे बघत होता. हात मात्र आंबे निवडत होते, आईपेक्षा जलद.

दुपारी चहाच्या वेळी त्याने आपली अडचण सांगितली. जीवराज बेदीला मुखवट्यातली कामंही स्वतःच करायची होती. ती चाल त्याला शिकवायला संदेशला नेमलं होतं. रोज एका हॉलमध्ये दोघं सराव करायचे, पण काही केल्या जमत नव्हतं. आता बेदी जाहिरातीच्या कामाला गेला होता म्हणून संदेशला सुट्टी मिळाली होती. परत आल्यावर बेदीला जमलं तर तो करील, नाही जमलं तर मास्टर संदेशलाच मुखवटा घालणार.

“मग न्हायच जमू दे,” काशीताई म्हणाल्या.

“मी शिकवतोय मनापासून, आई. पण मलाच कळत नाही मी काय करतो ते. गुडघा वाकव म्हणतो, तो वाकवतो. हात खाली घे म्हणतो, घेतो. सगळं करतो, आणि झाडू मारल्यासारखं दिसतं.”

मी तोपर्यंत काही बोलले नव्हते. “भाला कसला असतो?” मी विचारलं.

“फायबरची नळी. वरून रंग.”

“पोकळ?”

“पोकळच. पहिल्या दिवशी तर हातात काही धरलंय असं वाटेना. मग मी मागचं बूच काढून आत थोडी वाळू टाकून घेतली. नाहीतर रिकामी काठी हाताला लागत नव्हती.”

“दोन्ही भागांत वाळू होती?”

“होय. त्यात काय?”

“बेदीच्या भाल्यात आहे?”

संदेशने कप खाली ठेवला. “त्याचा भाला नवीन आहे. त्याला हलका पाहिजे म्हणून वेगळा बनवलाय.”

मला तेव्हाच कळलं होतं, पण करून पाहिल्याशिवाय बोलायचं नव्हतं. शेडच्या मागे ठिबकच्या कामातून उरलेली प्लास्टिकची जाड नळी पडली होती. आधी ती मी रिकामी सानवीच्या हातात दिली आणि निर्मुखासारखं करायला सांगितलं. तिने केलं. तिला प्रत्येक हालचाल पाठ होती, तरी ते झाडू मारल्यासारखंच दिसलं. मग मी नळीचं एक टोक गच्च बंद केलं, आत दोन-तीन ओंजळी वाळू ओतली आणि दुसरंही टोक बंद केलं.

“आता भाला मार. गुडघ्याचा विचार करू नकोस.”

सानवीने नळी पुढे झोकली. आतली वाळू सरसरत टोकाला गेली, टोक जड झालं, आणि तिचा डावा गुडघा आपोआप वाकला. नळी पडू नये म्हणून तिचे हात एकाखाली एक आले. ती तशीच थांबून राहिली.

“हे मी नाही केलं,” ती म्हणाली.

“वाळूने केलं. आंबा जाळीत पडतो तशी ती टोकाला येते. बाकी सगळं अंग स्वतःच सांभाळून घेतं.”

नितेशने नळी तिच्या हातातून घेतली. त्याच्याही गुडघ्याने तेच केलं. अपूर्वनेही करून पाहिलं. मला फार बरं वाटत होतं. एखादी गोष्ट अशी समोर उलगडली की मला दुसरं काही सुचत नाही. म्हणून काशीताईंकडे माझं लक्ष जरा उशिरा गेलं.

त्या शेडच्या पायरीवर बसून नितेशकडे बघत होत्या. “म्हंजे हे कोनाला पन जमतं,” त्या म्हणाल्या.

तेच तर मी सिद्ध करून दाखवलं होतं.

“संदेश, तू सांगू नको त्याला.”

“बरोबर आहे मावशी,” नितेश म्हणाला. “वाळू बाहेरून दिसत नाही. आपण इथे सहाच जण. मी तर गणपतीपुळ्याला जाऊन शपथ घेतो.”

“आज ना उद्या त्यांना कळेलच,” अपूर्व म्हणाला. “जुना भाला कुठेतरी पडलेला असेल. कोणी उचलला की वाजेल.”

“उद्या कळेल तेव्हा कळेल. तोवर पिक्चर होऊन जाईल.”

“सानवीला विचारा,” अपूर्व म्हणाला. “निर्मुखाची वकील ती आहे.”

सानवी नळी मांडीवर घेऊन बसली होती. “मला विचारू नका,” ती म्हणाली. मग म्हणाली, “मला संदेशदादाच हवा. पण बेदीने केलं आणि वाळू नसली, तर ते लोक चालच काढून टाकतील. तलवार देतील हातात. मग तो निर्मुखच नाही राहणार.”

“चुकीचं चालला तर तुम्हाला कळेल?” संदेशने तिला विचारलं.

“पहिल्याच शॉटला. मला काय, सगळ्यांना. कशामुळे ते नाही सांगता येणार, पण कळेल.”

संदेशने हे ऐकून मान हलवली. त्याला त्याचं आश्चर्य वाटलेलं दिसलं. मग तो उठून कातळाच्या कडेला गेला आणि बाबूशी बोलत उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने बाबूच्या हातातून झेला घेतला आणि स्वतः आंबे काढायला लागला. आम्ही आत कामाला लागलो.

तो परत आला तेव्हा जाळीत आंबे होते. ते त्याने आईसमोर ओतले.

“बेदीचं मनगट सुजलंय,” तो म्हणाला. “मी यायच्या आधी येऊन एकटाच करत बसतो. परवापर्यंत मी त्याच्यासमोर उभा राहायचो आणि मला खरंच माहीत नव्हतं. आता माहीत झालंय. आता उभा राहिलो तर त्याला फसवल्यासारखं होईल.”

“आनि तुजा काय?” काशीताईंनी विचारलं.

“बघू.”

“बघू म्हंजे?”

“म्हणजे बघू, आई.”

काशीताई त्या संध्याकाळी त्याच्याशी बोलल्या नाहीत. माझ्याशीही थोडं कमीच बोलल्या. दुसऱ्या दिवशी नितेशच्या टेम्पोत पुढे बसून संदेश मुंबईला गेला. जाताना त्याने ती नळी मागून घेतली. नितेशने नंतर सांगितलं की वळण आलं की आतली वाळू वाजायची आणि संदेश दर वेळी दचकून तिच्याकडे बघायचा.

हंगाम संपला, मी कॉलेजला परतले. संदेशने बेदीला वाळूचं सांगितलं, एवढं काशीताईंकडून कळलं. पुढचं तो फोनवर बोलत नव्हता, लिहून दिलं आहे म्हणायचा. मला अधूनमधून वाटायचं, मी तो भाला कसला असतो हे विचारलं नसतं तर? पण विचारलं नसतं तर मला झोप आली नसती, हेही खरं. सानवीने ते चित्रण कुठेही टाकलं नाही. निर्मुखाची चाल बदलू नये म्हणून तिने आपल्या चॅनेलवर एक लांबलचक भाषण मात्र केलं आणि त्याखाली लोकांनी केरळावरून भांडण केलं.

दिवाळीच्या आधी कलमांतलं गवत काढायला बायका येतात. काशीताईही आल्या होत्या, आणि मी रविवार म्हणून गेले होते. सानवी घरातून धावत आली. तिसऱ्या भागाचा ट्रेलर आला होता. सगळ्याजणी विळे ठेवून शेडच्या पायरीवर जमल्या.

आधी धूर, मग जळणारा किल्ला, मग निर्मुख. एकटाच चालत पुढे आला, भाला मारला, मनगट फिरवलं. गुडघा वाकला. टोक जड झालं होतं.

“बरोबर आहे,” सानवी कुजबुजली. “एकदम बरोबर आहे.”

“हा तो न्हाय,” काशीताई म्हणाल्या. “हा उंच हाय.”

मग कॅमेरा वर गेला. तटावर मुखवटे घातलेल्या माणसांची रांगच्या रांग उभी होती. सगळ्यांनी एकदम भाले पुढे टाकले आणि सगळ्यांचे गुडघे एकदम वाकले. अख्खी रांग आंबे उतरवत होती. असं काही आम्ही कल्पिलंही नव्हतं. सानवीने ते थांबवलं.

“हा बघ,” काशीताईंनी बोट ठेवलं. बुरुजाच्या बाजूने तिसरा. “ह्यो माजा संदेश. खांदे बघ त्याचे. तसाच उभा ऱ्हातो तो.” त्यांचा आवाज बदलला होता. “घेतला त्याला. बोललाच न्हाय मेला.”

बायकांनी वाकून वाकून तो तिसरा पाहिला. मीही पाहिला. खांदे खरंच किंचित वाकलेले होते.

सानवीने तिथूनच माझ्या फोनवरून संदेशला फोन लावला आणि आवाज मोठा केला. “दादा, सापडलास. बुरुजापासून तिसरा.”

तो हसला. आता ट्रेलर आलाय म्हणजे एवढं सांगायला हरकत नाही, असं म्हणाला. “मी नाही त्यात.”

“नाही कसा? मावशीने ओळखलं.”

“नाही गो. बेदीला जमलं तसं मास्टर बोलले, आता सगळ्यांनाच शिकव. चाळीसेक पोरं आहेत. मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभा असतो आणि ओरडतो, वाळू पोचू दे, मग वाका. मुखवट्यात मी कुठेच नाही या वेळी.” थोडं थांबून त्याने विचारलं, “नीट दिसतंय का पण? शेवटच्या दोघांचं जरा मागेपुढे होतं.”

“नीट दिसतंय,” मी म्हणाले.

“आई रागावली का?”

काशीताईंनी माझ्या फोनकडे बघितलं नाही. त्यांचं बोट अजून सानवीच्या मोबाइलच्या काचेवरच होतं. तो तिसरा माणूस तिथे गुडघा वाकवून थांबलेला होता. त्यांनी तो जवळ घेऊन पाहिला, मग लांब धरून पाहिला.

“मग हा कोनाचा गो?” त्यांनी विचारलं.